सालबर्डीच्या ऊन पाण्यात रेडियम आहे का?

सालबर्डीला ने म्हणून माझी बायको सुशीला तीन वर्षं माझ्या मागे लागली होती. तिचे गुडघे धरलेले, आणि तिथल्या ऊन पाण्याच्या कुंडात बसलं की सांधे सुटतात असं तिने कुठेतरी ऐकलेलं. मी पडलो शाळेत शास्त्र शिकवणारा. "ऊन पाणीच हवं ना? मग बंब पेटव की!" असं म्हणून विषय संपवायचो. गेल्या चैत्रात ती तापाने गेली. दिवाळीनंतर वर्तमानपत्रात वाचलं, की ग्रॅनाइटच्या खडकातून येणाऱ्या पाण्यात रेडियमचा अंश असतो आणि विलायतेत सांधेदुखीवर डॉक्टर तसलंच पाणी पाजतात. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना. पाण्यात काही नसेल तर मी सुटलो, असेल तर मी तिचा गुन्हेगार. नाताळच्या सुटीत हेडमास्तरांकडून शाळेचा इलेक्ट्रोस्कोप मागून घेतला आणि निघालो.

हे यंत्र म्हणजे काचेच्या डब्यात टांगलेली सोन्याच्या वर्खाची दोन पानं. विजेचा भार दिला की ती फाकतात. डब्यात रेडियमपासून निघणारी हवा शिरली तर भराभर मिटतात, नाहीतर सावकाश.

अकोल्याहून सकाळची पॅसेंजर धरावी आणि बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावती गाठावी. स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत मुक्काम होतो, फक्त अंथरूण आपलं न्यावं. खानावळीत भाकरी, वांग्याची भाजी आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा मिळाला. जेवण झकास होतं, पण झकास आहे हे सांगायला शेजारी कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोर्शीची मोटार. ती भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा घड्याळ पाहून जीव जाळू नये. कंडक्टर यंत्राच्या पेटीकडे बघून म्हणाला, "मांडीवर घ्या, नाहीतर तिचं तिकीट काढा." काच फुटेल म्हणून तिकीट काढलं.

"घरच्या बाईले नाही आनलं का हो?" त्याने तिकीट फाडत विचारलं.

सुशीलेसाठी तीन वर्षांत तिकीट काढलं नाही आणि शेजारच्या जागेवर पेटी बसवून निघालो, याची मला फार लाज वाटली.

मोर्शीहून पुढे बैलबंडी. काळी माती आणि संत्र्यांच्या बागा मागे पडल्या की डोंगर जवळ येतो, आणि आपल्या वऱ्हाडी काळ्या दगडाऐवजी करडा, गुलाबी ठिपक्यांचा ग्रॅनाइट दिसू लागतो. नदी ओलांडली की वऱ्हाड संपून बैतुलची हद्द लागते. शिवरात्रीला इथे पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. मी गेलो तेव्हा कुंडाजवळ फुलं आणि पेरू विकणारी गोदाबाई माळीण तेवढी होती.

कुंडाजवळ वाफेचा दमटपणा फार, म्हणून पाणी घेऊन लांबच्या एका ओसरीत बसलो. आधी अकोल्याहून आणलेलं आमच्या विहिरीचं पाणी तपासलं. बाटली खळखळून हलवायची आणि तिच्यातली हवा यंत्रात सोडायची. पानं सावकाश मिटली. मग कुंडाचं पाणी. पानं तितकीच सावकाश मिटली. दोनदा केलं, तेच. मी सुटलो! मोठ्याने हसलोसुद्धा. मग एकटाच हसतोय हे लक्षात आलं आणि थांबलो.

खात्रीसाठी तिसऱ्यांदा पाणी भरायला गेलो. गोदाबाई इतका वेळ बघत होती.

"काहून गाळून राहिले, मास्तर?"

मी दुहेरी फडक्यातून, वरून धार धरून बाटली भरत होतो. सुशीलेच्या घरात न गाळलेलं पाणी कधी भांड्यात गेलं नाही. ती गेली तरी माझा हात तसाच चालत होता.

"वरून धार धरली का त्यातली सारी वाफ उडून जाते. आमी त लोटा बुडवूनच घेतो."

मी जागच्या जागी उभा राहिलो. रेडियमची हवा ती हवाच. इतका वेळ मीच ती फडक्यातून उडवून लावत होतो, आणि शाळेत मुलांना शास्त्र शिकवतो म्हणे! बाटली पाण्यात बुडवून भरली, तिथेच बूच लावलं. ओसरीत येऊन हवा यंत्रात सोडली. बघता बघता पानं मिटली.

गोदाबाई गुडघ्यावर हात टेकत टेकत मागून आली. "निघालं का काई?"

"निघालं."

"मंग बाईले आना ना एकदा."

"ती नाही आता. कितीदा म्हणाली होती, मीच आणलं नाही."

ती ओसरीच्या कडेला टेकली. मग म्हणाली, "अकोल्याहून याले किती दिस लागतात?"

"दोन."

"दोनच?"

मी यंत्र पेटीत भरू लागलो.

परत येऊन आठवडा झाला. त्या पाण्याने गुडघे बरे होतात का, ते मला अजून ठाऊक नाही. गोदाबाई जन्मभर तेच पाणी पिते आणि तिचे गुडघे काही सुटलेले नाहीत. मी सुटलो की गुन्हेगार ठरलो, हेही यंत्राने सांगितलं नाही. पण सुशीलेला माझे दोन दिवस हवे होते आणि ते माझ्याजवळ होते, एवढं मला कळलं आहे.

काल आमच्या शाळेचे ड्रॉइंगमास्तर वाट विचारायला आले. त्यांच्या बायकोचे सांधे दुखतात. मी सगळं सांगितलं: गाडी, मोटार, बंडी, पाणी न गाळता घ्यायचं.

"परीक्षा झाल्या की बघू," ते म्हणाले.

मी त्यांच्यावर ओरडलोच. "तुमचे वर्ग मी घेतो. तुम्ही दोघं उद्याच निघा!"