निमूट सोसलेले नऊ महिने

“सर्व्हिक्सचा कॅन्सर दिसतोय,” डॉक्टर म्हणाले. सर्व्हिक्स म्हणजे गर्भाशयाचं तोंड. त्यांनी कागदावर पेन्सिलीनं काढून दाखवलं. मग माझ्या बायकोला, सुमनला विचारलं, “अंगावरून किती दिवस जातंय?”

“नऊ म्हैनं झालं.”

डॉक्टर माझ्याकडे वळले. “मास्तर, तुम्हाला माहीत नव्हतं?”

नव्हतं. एका घरात राहून नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं ते वर्ष. मी पलूसला हायस्कुलात शिकवत होतो. बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलेलं. जुन्या ग्रीक-रोमन स्टोइक विचारवंतांचं मला वेड होतं. राग, भीती, शोक, हाव यांच्या ताब्यात नसलेला माणूसच खरा मोकळा, हे मी वर्गात सांगायचो, घरीही सांगायचो. आमचा दीड वर्षांचा मुलगा घटसर्पानं गेला, तेव्हा सुमनला म्हणालो, “रडून परत येणार आहे का तो?” चौथ्या दिवशी शाळेत तास घेतला. गावानं वाखाणलं. मला ते आवडलंही.

सांगलीच्या दवाखान्यात बायप्सी झाली, म्हणजे तुकडा काढून तपासला. उत्तर यायला आठ दिवस लागले. तिसरी स्टेज. गाठ आजूबाजूला पसरलेली, ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. राहिलं रेडिएशन, म्हणजे किरणांनी गाठ जाळणं.

शेजारच्या खाटेवर कुपवाडच्या एका कामगाराची आई होती. कळ आली की मोठ्यानं ओरडायची. मी सिस्टरना म्हणालो, “त्यांना जरा धीर धरायला सांगा.”

“त्या ओरडतात म्हणून त्यांना वेळेवर सुई मिळते,” सिस्टर म्हणाल्या. “तुमच्या मंडळींना दुखतंय, हे आम्हाला कळतच नाही.”

मी सुमनला विचारलं, “दुखतं तर सांगत का नाहीस?”

ती माझ्याकडे वळली. “पोरगं गेलं तवा रडू दिलं न्हाई तुमी. मग रगत जातंय म्हणून कुणाला सांगू? तुमची शांती मोडंल म्हणून गप बसले.”

तेव्हाही माझा चेहरा सवयीनं शांतच राहिला. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्या विचारवंतांनी स्वतःचं मन आवरायला सांगितलं होतं. मी बायकोचं आवरलं. तिचं रडणं ऐकायची मला भीती वाटायची, आणि त्या भीतीलाच मी संयम म्हणत आलो होतो.

रेडिएशननं रक्त थांबलं. गाठ थांबली नाही.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी ती ओरडली. सगळा वॉर्ड वळून बघू लागला. “मुडदा बशिवला तुमच्या त्या ज्ञानाचा! सुई आणा!” मी अनवाणी धावत सुटलो. सिस्टर आल्या, सुई दिली, तिचा डोळा लागला. चार दिवसांनी ती गेली.

स्मशानात मला हुंदके आवरेनात. हेडमास्तर कानाशी म्हणाले, “मास्तर, तुम्हीच असं केल्यावर कसं?” मी रडतच राहिलो.

तुमच्या घरात कुणी निमूट सोसत असेल, तर त्याचं कौतुक करू नका. जवळ बसा, विचारा, उत्तर येईपर्यंत उठू नका. सुमननं त्या दुपारी मला शिव्या दिल्या, तिचे ते उपकार आहेत. सगळ्या संसारात तेवढं एकदाच तिनं स्वतःहून मला आपलं दुखणं सांगितलं.