क्लेमेंटची गिअरवाली जीप

अर्नाळ्याच्या वाळूत मुंबईकरांची एखादी दिमाखदार गाडी रुतली की लोक क्लेमेंटला बोलावत. तो आपली म्हातारी जीप घेऊन येई, दोर बांधे आणि गाडी ओढून बाहेर काढी. पैसे घेत नसे. अट एकच, सुटका झालेल्याने त्याचं गिअरवरचं प्रवचन उभ्याउभ्या ऐकायचं. पैसे घेतले असते तर परवडलं असतं, असं काही जण परत जाताना म्हणत.

प्रवचन ठरलेलं असे. इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारा एक लोखंडी डबा जीपसारख्या गाड्यांच्या पोटाखाली असतो. जुन्या जीपच्या डब्यात दातेरी गिअर एकमेकांना भिडून फिरतात, नव्या गाड्यांत बहुधा तिथे चेन असते. चेन हलकी आणि गुपचूप, गिअर जड आणि केकाटणारे. क्लेमेंटच्या लेखी इमान आणि बेइमानीतला फरक तो हाच. "गिअर मरायच्या आधी बोंब मारतो," तो बजावे. "चेन मुकी. आतल्या आत सैल होत जाते आन् एक दिवस दगा देते."

पुतण्या ऑस्करने चेनवाली नवी गाडी आणली, तेव्हा क्लेमेंटने तिच्याभोवती एक फेरी मारली. "चालू तरी करून दाखव," तो म्हणाला. गाडी चालूच होती. तिच्या त्या मुकेपणाची क्लेमेंटने आठवडाभर गावभर थट्टा केली.

मग त्याच्या मुलीचं, टिफनीचं लग्न ठरलं. नवरीने ऑस्करच्या गाडीतून चर्चला जावं, निदान झग्याला तेलाचा वास तरी लागणार नाही, असं क्लेमेंटच्या बायकोचं, हिल्डाचं म्हणणं. क्लेमेंट जेवणावरून उठला. गावातल्या निम्म्या नवऱ्या आपण जीपमधून पोचवल्या, आणि पोटच्या पोरीने चेनच्या भरवशावर जायचं? पोरीला आपल्या हाताने चर्चच्या दारात उतरवायचं, याहून दुसरं काही त्याला त्या लग्नातून नकोच होतं. शेवटी टिफनीच म्हणाली, "पप्पाच नेतील मला."

झालं. जीपला नवा रंग लागला, सीटला नवं कापड आलं. डबा तेवढा उघडला गेला नाही. कशाला उघडायचा? काही बिनसलं असतं तर गिअर बोलले असते. उलट हल्ली ते फार सौम्य झाले होते, वयानुसार समंजसपणा येतो तसे.

लग्नाच्या दिवशी बँडमागून जीप निघाली. चर्चचा मनोरा दिसू लागला आणि गाडीच्या पोटात काहीतरी कडाडलं. त्याचा हादरा क्लेमेंटच्या तळपायांना बसला. इंजिन चालू, चाकं ढिम्म. मागून येणारा ऑस्कर चांगल्या सुटासकट रस्त्यावर आडवा झाला आणि खालूनच ओरडला, "काका, गिअरचे दात गेले!"

"शक्य नाय!" क्लेमेंट भडकला. "सांगितल्याशिवाय गिअर जात नाय!"

"अहो, ईस्टरपासून बोंबलतोय तो!" हिल्डा म्हणाली. "तुम्ही फाटकात वळलात की शेजारी खिडक्या लावून घेतात."

"मग मला कोणी बोललं का नाय?"

"आम्हाला वाटलं, तुम्हाला तो आवाज आवडतो," टिफनी हळूच म्हणाली.

"काय?"

तिने तेच मोठ्याने सांगितलं. बँडवाले एव्हाना थांबले होते, त्यामुळे गोंगाटाला दोष देण्याचीही सोय उरली नव्हती. क्लेमेंटने हात कानाकडे नेला आणि अर्ध्यातूनच खाली घेतला. बिचाऱ्या गिअरने आपलं इमान राखलं होतं. क्लेमेंटचं तोंड इतकंसं झालं.

टिफनी मात्र जीपमधून उतरायला तयार होईना. ऑस्करने दोर बांधला. चेनवाली गाडी पुढे, गिअरवाली मागे आणि स्टिअरिंगवर क्लेमेंट, अशी वरात चर्चला पोचली. पोरीला त्याने स्वतःच्या हाताने उतरवलं. प्रवचन दिलं नाही.

आत फादरनी नवरीला प्रश्न विचारला. क्लेमेंट पहिल्याच बाकावर होता. टिफनीचे ओठ हललेले त्याला दिसले, बाकी काही नाही. त्याने हिल्डाच्या कानाशी वाकून विचारलं, "हो म्हणाली का गं ती?"

आपण कुजबुजतोय, अशी त्याची समजूत होती. अख्ख्या चर्चने माना वळवल्या. फादर थांबले. टिफनी झगा सावरत मागे फिरली, बापाकडे बघून रडत रडत हसली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडली, "हो म्हणाले, पप्पा!"