पैलवानाची नाडी

चुलत्यानं कुस्ती सोडून बारा वर्षं झाली होती, तरी तालमीतली मंडळी त्याचं मनगट धरून नव्या पैलवानांना दाखवायची. "बघा, कशी डुलत डुलत चालतीया!" महाराजांच्या कुस्तीवेड्या कोल्हापुरात नाडी मंद म्हणजे छाती दणकट, हे कुणी तपासलं नव्हतं, सगळे धरून चालले होते. मीही. शाळेत त्या नाडीची फुशारकी मारायचो. आईबापांमागं मला त्यानंच वाढवलं. मिरवायला माझ्याजवळ दुसरं होतं काय?

मग एका सकाळी म्हशीची धार काढताना तो बसल्या जागी कलंडला. दूध सांडलं. थोड्या वेळानं डोळे उघडून म्हणाला, "काय न्हाय, डुलकी लागली." तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मी त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी खिशातलं घड्याळ काढून नाडी मोजली. मिनिटाला अठ्ठावीस. त्याला जिना चढून उतरायला लावलं. धापा टाकत खाली आला, तरी अठ्ठावीसच.

"पैलवानाची नाडी बसल्यावर मंद असते, पण जिना चढला की पळते," डॉक्टर म्हणाले. "ह्यांची पळत नाही. हृदयाच्या वरच्या कप्प्याचा इशारा खाली पोहोचत नाही. जुन्या तापानं होतं, वयानंही होतं. औषध माझ्याकडे नाही. एकटं सोडू नका."

तालमीत जाऊन मी हात जोडले. मी छापखान्यात कामावर असेन तेव्हा कुणीतरी त्याच्याजवळ बसा. वस्ताद खदखदून हसला. "आरं, वाघाला राखण बसवतोस व्हय? लेखणी घासून तुजंच काळीज उंदराचं झालंय!"

मी घरीच राहू लागलो. घड्याळ नव्हतं. एका हातात त्याचं मनगट, दुसऱ्या हाताचं बोट माझ्या गळ्यावर. माझे पाच ठोके, त्याचे दोन. त्या दोनांच्या मधलं थांबणं कुणाला सांगणार?

काही दिवसांनी तोच वैतागला. "जा की तुज्या छापखान्यात! किती हात धरून बसशील?" माझ्यावाचून एक छपाई अडली होती. गेलो. परतलो तेव्हा तो गोठ्यात पडलेला होता आणि म्हैस त्याचा थंड हात चाटत होती.

दहाव्याला वस्ताद अभिमानानं सांगत होता, "शेवटपातूर नाडी पैलवानाचीच!" मी तिथंच ओरडलो, त्या नाडीनंच तो गेला आणि तुम्ही तिचं कौतुक करत बसलात! मग मी डॉक्टरांची ती जिन्याची परीक्षा पत्रकावर छापून तालमीच्या दारात वाटली. दोघांनी कागद घेतला. एकानं त्यात बदाम बांधले.

त्या पत्रकात एक गोष्ट मी लिहिली नाही. त्या परीक्षेचा निकाल मला ठाऊक होता, तरी मी त्याला एकटं सोडून गेलो.

आता धार मीच काढतो. माझे हात घाईचे. म्हैस दाराकडं बघत उभी राहते आणि पान्हा चोरते.