आक्का आणि माळावरची लांडगीण

“आज काय मिळायचं न्हाय! परवाच कोकरू नेलंस की!” आक्का माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत ओरडली. वळून पाहतो तर टेकाडावर लांडगा बसलेला! मी हातातली लसीची सुई तिथंच टाकून जीपमध्ये शिरलो. मी जनावरांचा सरकारी डॉक्टर आहे, हेही लाज सोडून सांगतो.

“भाईर या की डाक्टर. ते मेंढरं खातंय, सरकारी मानसं न्हाय.”

अक्कलकोट रस्त्याच्या आतल्या माळावर आक्का मेंढरं राखायची. साठी उलटलेली, आवाज खणखणीत. लांडग्यानं मेंढरू मारलं तर ती ते त्याच्याकडून हिसकावू देत नसे. “वडून घेतलं तर उपाशीपोटी उद्या परत येतंय. खाऊ दे पोटभर, चार दिस आपन निवांत.” यावर मी तिच्याशी पुष्कळदा वाद घातला आणि दर वेळी हरलो.

तिचा मुलगा बिरा मात्र तापट. त्यानं लाडानं वाढवलेला मेंढा लांडगिणीनं मारला आणि पठ्ठ्यानं डोक्यात राख घालून घेतली. ओढ्याच्या दरडीतल्या बिळातून तिचं एक पिल्लू उचलून आणलं. मी सकाळी लस टोचायला पोचलो तेव्हा पिल्लू घोंगडीत कुंईकुंई करत होतं आणि आक्का लेकावर आग पाखडत होती.

“बाळंतीण हाय रं ती! बाकीची पिल्लं घिऊन ती निगून जाईल, आन् ह्ये हितं मरंल.”

मी नको ते शहाणपण पाजळलं. “आता याला माणसाचा वास लागला. आई घेणार नाही.”

“मेंढी परकं कोकरू घेईना तर आमी काय करतो? तिचंच दूध कोकराच्या अंगाला चोळतो. लांडगिणीचं दूध काडायला तुमी जाता का?” मी जीपकडे पाहिलं. “मग बिळाच्या तोंडची माती आन रं बिरा. ती जितं लोळती, तितली. पळ!”

बिरानं टॉवेलभर माती आणली. आक्कानं ती पिल्लाला नाकापासून शेपटीपर्यंत चोळली. बिरानं पिल्लू बिळापाशी ठेवलं आणि आम्ही तिघं पलीकडच्या काठावर पालथे पडून राहिलो. ऊन डोक्यावर आलं तेव्हा लांडगीण आली. तिनं पिल्लू हुंगलं आणि मागं सरली. आक्कानं माझं मनगट असं आवळलं की कळ डोक्यात गेली. लांडगिणीनं परत हुंगलं, पिल्लाची मानगूट धरली आणि बिळात गेली. मी तर लहान पोरासारखा हसत सुटलो.

बिरानं हळूच विचारलं, “ऱ्हाईल का ती हितं?”

“न्हाय. भरवसा गेला तिचा. तिनं तुजा मेंढा भुकंनं खाल्ला. तू तिचं लेकरू रागानं आनलंस.”

दुसऱ्या दिवशी बीळ रिकामं होतं. बिरा त्या दिवशी जेवला नाही.

पुढचे दोन हिवाळे बीळ तसंच ओसाड राहिलं. बिरा अधूनमधून जाऊन बघून यायचा, कुणी विचारलं तर मेंढरू चुकलंय म्हणायचा. मधल्या काळात आक्का गेली. तिच्याएवढं मी कॉलेजातल्या कुणाकडून शिकलो नाही, आणि हे तिला कधी बोललो नाही याची मला फार चुटपुट आहे.

गेल्या थंडीत शहरातल्या सात रस्ता चौकात सिग्नलवर थांबलो असताना बिराचा फोन आला. आवाज दबका.

“डाक्टर, आली. त्याच बिळात. चार पिल्लं हायती. आक्का पायजे हुती बगा.”

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी जागचा न हलता म्हणालो, “रविवारी येतो बघायला.”

“येऊ नका डाक्टर. म्या बी मेंढरं घिऊन पल्याडच्या माळाला निगालोय. पिल्लं मोटी हुईस्तवर हिकडं कुनीच नगं.”