नीरजच्या बापाले दाखवलेला फोटो

माही काजल फोटो काढते. लग्नाचे काढते ते पोटासाठी, अन् रॅप गाणाऱ्या पोट्ट्याइचे काढते ते कायच्यासाठी, हे तिलेच माहीत! लोकं मले म्हणत, "सुलोचनाबाई, तुही पोरगी घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजते." मी म्हणो, भाजू द्या, जळल्या तं माह्या घरच्या जळतीन, तुमचं काय जाते?

कॉलेजात होती तवापासून तिले हाच नाद. भीमजयंतीले डीजेपुढं नाचणारे पोट्टे, वडनेरचे बँडवाले, अन् आता आमच्या बोरगाव मेघेत पाण्याच्या टाकीखाली माइक घेऊन गाणारे. रंगवलेले केस, फाटक्या पँटी, माय माय! पण तिले सारे ताई म्हणतेत. 'हासा' असं ती कोणालेच म्हणत नाई. नुसती बसून राह्यते, अन् पोट्टे तिले विसरले का मंग फोटो काढते. एवढा धीर कुठून आणला बापा हिनं? आमच्या घरात तं चहा उकळेपर्यंत कोणाले दम निघत नाई.

तिचा एक नेम हाये. ज्याचा फोटो लोकाइले दाखवायचा, त्याच्या घरी तो आधी दाखवायचा. घरच्याइनं नाई म्हटलं, तं नाई.

यंदा नागपुरात तिच्या फोटोचं पयलं प्रदर्शन ठरलं. मधोमध लावाले तिनं टाकीखाली गाणाऱ्या पवनारच्या नीरजचा फोटो निवडला. डोळे मिटलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या, तोंड भरून गाऊन राह्यला. हा पोरगा बोलताना अडखळते, गाताना नाई. घरी मात्र सांगे, क्लासले जातो. त्याचा बाप मनोहरराव भाजीवाले, लय कडक माणूस. "ताई, तू... तूच सांग बाबाले," असं नीरजनंच काजलले म्हटलं.

"नाई म्हटलं तं?" मी विचारलं.

"तं तो फोटो नाई लागणार, आई." एवढंसं झालं होतं तिचं तोंड. म्हटलं, चाल, मी येते संग.

बसनं पवनारले गेलो. मनोहरराव ओसरीत मेथीच्या जुड्या बांधून राह्यले होते. काजलनं सारं सांगितलं, क्लासचं बी, अन् फोटो त्याइच्या हाती दिला. मी मनात म्हटलं, आता फाडतेत!

त्याइनं हातातली जुडी खाली ठेवली अन् फोटो उजेडात धरला.

"हा बोलून राह्यला?"

"गाऊन राह्यला, काका."

"न अडखळता?"

"एकदाबी नाई."

"माह्यासमोर तं पाणी मागताना बी अडखळते. मी वरडतो, मंग आणखीन अडखळते." मायनं लेकरू पदराआड घ्यावं, तसा त्याइनं फोटो छातीशी धरला. मंग म्हणाले, "लाव पोरी. मोठा लाव."

काजल हरखलीच. "मंग ऐकाले या ना, काका! रविवारी गाते तो."

मनोहररावानं मान हलवली. "नाई. त्याले सांगजो, बाप हो म्हणाला. पण मी येत नाई. एक जागा तं असू दे त्याले, जिथं मी नाई."