प्री-वेडिंगचं गाणं

माझा स्वभाव संशयी आहे. दूधवाल्याच्या मापावर, देवळातल्या पावतीवर, सेलच्या पाटीवर, कशावरच माझा पटकन विश्वास बसत नाही. मी धारला राहते, आणि देवासला राहणारा माझा दादा मला 'धारचं पोलीस ठाणं' म्हणतो. त्यामुळे त्याच्या मुलीचं, माझ्या भाचीचं, लग्न ठरलं तेव्हा मुलगा मला पटला नाही, हे कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

मुलगा इंदूरच्या मराठी घरातला, चांगल्या नोकरीतला, भेटला की वाकून नमस्कार करणारा. साखरपुडा झाल्यापासून तो न सांगता भाचीच्या ऑफिसच्या फाटकाशी येऊन उभा राहायचा. "येऊ नको म्हणून सांगितलं होतं मी त्याला," असं भाची म्हणायची, आणि वहिनी खुदकन हसायची. वहिनी रोज पाहते त्या मालिकांमध्ये असंच असतं. नायिका आधी झिडकारते, नायक मागे मागे फिरतो, एके दिवशी तिचा हात धरून ओढतो, की झालंच प्रेम. भाचीच्या मैत्रिणी तर तिला नशीबवान म्हणत होत्या. नको म्हटल्यावरही जो येतो, त्याचं येणं मला कधी गोड वाटलं नाही.

मग प्री-वेडिंगचं निघालं. हल्ली त्याशिवाय लग्न होत नाही म्हणे. शूटिंग मांडूला करायचं ठरलं आणि धार वाटेवरच, म्हणून मुक्काम माझ्याकडे पडला. सोबत कोणीतरी मोठं हवं, म्हणून मीही गाडीत बसले. खरं सांगायचं तर मला बसायचंच होतं.

फोटोग्राफर उत्साही होता. दोघांना कमानीतून पळवायचा, पायऱ्यांवर बसवायचा. "भाभी, आप रूठ के जाओ. भिया, तुम पीछे से हाथ पकड़ के खींचो." पोरगी दोनदा रुसून चालली, दोनदा तिला ओढलं. तिचा चेहरा दगडाचा. फोटोग्राफरला शरमणं हवं होतं, ते काही निघेना. मुलाच्या कुर्त्याला बारीकसा माइक लावलेला होता, कारण पुढे त्याला मागणी घालायचं वाक्य म्हणायचं होतं. ते म्हणण्याआधी जरा विश्रांती घ्यायची असं ठरलं आणि मुलानं मला आग्रहानं चहाला धाडलं.

बाहेर मांडूची चिंच, म्हणजे गोरखचिंच, विकणाऱ्या बायका बसल्या होत्या. चहा हातात आला तरी माझं चित्त आत. एवढ्या आग्रहानं मला चहाला का पाठवलं, हे काही मनातून जाईना. अर्धा कप तसाच ठेवून मी परतले. भाची भिंतीमागून बाहेर येत होती. ओढणी एका खांद्यावर, मनगट लाल, बांगडी फुटलेली. मुलगा मागून हसत आला आणि मला म्हणाला, "काही नाही आत्या, जरा लाजतेय." फोटोग्राफर लांबून कॅमेरा धरून उभा होता. त्याचा चेहरा फुलला होता. नकळत टिपलेलं, कँडिड मिळालं होतं त्याला.

परतीच्या वाटेवर मुलगा पुढे ड्रायव्हरशेजारी बसून गाणी लावत होता. मागे भाची माझ्या कानाशी लागली. भिंतीमागे त्यानं तिला कवटाळलं होतं. ती नको म्हणत राहिली आणि तो म्हणत राहिला की सगळ्याच आधी नको म्हणतात. "आत्या, मी जास्तच करतेय का गं?" असं तिनं विचारलं, तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याचा राग होताच, पण हा प्रश्न तिला ज्यांनी शिकवला त्या सगळ्यांचाही आला.

देवासला गेल्यावर तिनं वहिनीला सांगितलं. होणारा नवरा आहे, एवढं चालायचंच, असं वहिनी म्हणाली आणि निवडलेली मेथी घेऊन आत गेली. पत्रिका छापून झाल्या होत्या.

मग तो व्हिडिओ आला, तेव्हा मी देवासलाच होते. दादाच्या मोठ्या टीव्हीवर सगळ्यांनी बसून पाहिला. सूर्यास्त, बासरी, एक रडवं गाणं, आणि त्यात भिंतीमागचा तो प्रसंग स्लो मोशनमध्ये दाखवलेला. ती मान वळवते, तो जवळ ओढतो. शेजारच्या काकूंचे डोळे पाणावले. भाची उठून गच्चीवर गेली, तर लाजली म्हणून सगळे हसले.

मी फोटोग्राफरला फोन केला. तेवढाच तुकडा गाण्याशिवाय, माइकवरच्या आवाजासकट दे म्हटलं. तो देईल असं वाटलं नव्हतं. त्यानं आधी कारण विचारलं, मग पाठवून दिला.

शेजारची मंडळी घरी गेल्यावर मी दादा-वहिनीला समोर बसवून तो लावला. गाणं नव्हतं. नुसता वारा, कापडाची खसखस, आणि आमच्या पोरीचा आवाज. "नको. नको म्हटलं ना. सोड, हात दुखतोय." मग बांगडी फुटल्याचा आवाज आणि त्याचं हसू.

दादानं रिमोट शोधला. शेजारी ऐकतील म्हणाला. मग म्हणाला की एवढ्यावरून कोणी लग्न मोडतं का, पुरुष थोडा उतावळा असतोच. "हिला विचार. आमच्या संसाराच्या इतक्या वर्षांत हिनं कधी तक्रार केली?"

वहिनी टीव्हीकडेच बघत होती. "तेव्हा कॅमेरा नव्हता," ती म्हणाली.

दादाचा हात रिमोटवर तसाच राहिला. वहिनीनं पदर खोचला, फोन उचलला, मुलाच्या आईला लावला आणि लग्न होणार नाही असं कळवलं. त्यांनी कारण विचारल्यावर वहिनीनं सरळ सांगितलं, "मुलगी नाही म्हणाली आहे." पलीकडून बरंच बोलणं आलं. तिनं ते ऐकून घेतलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. फोन ठेवून मला म्हणाली, "वन्सं, तिला गच्चीवरून बोलवा. जेवली नाहीये ती."

मी उठले, पण लगेच गेले नाही. आयुष्यभर मी ज्याच्या त्याच्यावर संशय घेतला, दादावर कधी घेतला नव्हता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान वर केली नाही.