कॅचरच्या बदल्यात पिचर

आयर्लंडमधल्या लिमरिकच्या मराठी मंडळींत शिरीषची ओळख एवढीच, ‘तो बेसबॉलवाला’. हृदयात बसवायच्या बारीक नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात तो इंजिनिअर होता आणि मंडळाच्या क्रिकेटकडे कधी फिरकायचा नाही. कुणी चिडवलंच, “जळगावचा ना रे तू? मग हे अमेरिकन खूळ कुठून?” तर म्हणायचा, “या की जळगावात. आमच्याकडे निम्मी शाळा सॉफ्टबॉल खेळते, बेसबॉलचंच भावंड ते.”

विद्यापीठाच्या संघात तो कॅचर होता. म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवं बसायचं आणि पिचरने फेकलेला प्रत्येक चेंडू झेलायचा. भारतीय संघाच्या निवड शिबिरापर्यंत पोचून तो परत आला, त्याचं त्याला फारसं वाईट वाटत नव्हतं. सल वेगळाच होता. खरा वेगवान पिचर त्याच्या वाट्याला कधी आलाच नाही. ज्याच्या चेंडूने तळहाताची आग व्हावी असा एक पिचर समोर असावा आणि आपण त्याला झेलावं, एवढंच त्याला हवं होतं. त्रेचाळिशीला आलेली माणसं घर मागतात, बढती मागतात. हा हे मागत बसला होता.

लिमरिकमध्ये त्याने जमवलेला बेसबॉलचा संघ २०२०च्या लॉकडाउनमध्ये फुटला. ब्राझीलची तिघं मायदेशी गेली, दोघा अमेरिकनांनी नोकऱ्या बदलल्या. उरले सहा, आणि बेसबॉलला नऊ लागतात. शिरीषने कंबर कसली. रोज संध्याकाळी फोन घेऊन बसायचा. निशिगंधा, त्याची बायको, म्हणाली, “वधूवरसूचक मंडळवालेसुद्धा इतके फोन करत नसतील.”

त्याने आपला सर्वांत चांगला फटकेबाज कॉर्क शहराच्या संघाला देऊन टाकला आणि बदल्यात दोन नवखे आणले, आणखी काही फोन करकरून जमवले. सगळे म्हणाले, डोकं फिरलंय. पण नवखे टिकतात, असा त्याचा हिशोब होता. शिकून पाखरं उडून जाऊ नयेत म्हणून त्याने एक नियमही केला: येणाऱ्याने तीन वर्षांच्या करारावर सही करायची. आयर्लंडभरच्या क्लबांत या कागदाची थट्टा झाली, तरी त्याने तो सोडला नाही.

ऑक्टोबरात मुक्ता सरावाला आली. आईवडील नाशिकचे, ती डब्लिनमध्ये वाढलेली, लिमरिकला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. मराठी सगळं समजायचं, बोलायची मात्र आयरिश हेल काढून इंग्रजीत. तिने पहिला चेंडू फेकला आणि शिरीषने हातमोजा काढून तळहात पाहिला. लाल झाला होता. आनंदाने मोजा पुन्हा चढवून तो लगेच उकिडवा बसला.

तो हिवाळा त्याच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा. कोविडचे नियम दोघांपुरताच सराव करू द्यायचे, म्हणून ओल्या मैदानाच्या कोपऱ्यात ती फेकायची आणि हा झेलायचा. “ग्रँड?” ती विचारायची, म्हणजे ठीक ना. “अजून जोरात,” हा म्हणायचा. घरी आला की सुजलेला हात गार पाण्यात धरायचा आणि एकटाच हसायचा.

एप्रिलमध्ये खेळ पुन्हा सुरू व्हायची चिन्हं दिसली आणि अडचण उभी राहिली. मुक्ताचं नाव डब्लिनच्या क्लबात नोंदलेलं होतं, त्यांनी सोडल्याशिवाय ती लिमरिककडून खेळू शकत नव्हती. तिथला मॅनेजर फिन्टन फोनवर म्हणाला, “आमच्याकडे कॅचर नाही. तू आमच्याकडून खेळ, मुलगी तुमच्या संघाला.” वर म्हणाला, “तीन वर्षांसाठी हं. नियम तुझाच आहे.”

शिरीषच्या तोंडचं पाणी पळालं. चार दिवस तो नीट जेवला नाही.

“तीन वर्षांनी सेहेचाळीसचा होशील,” निशिगंधा म्हणाली. “गुडघे आत्ताच कुरकुरतायत.”

“मुक्ता अजून तीन वर्षं तरी इथे आहे. तिच्याभोवती संघ उभा राहील.”

“आणि तू?”

त्याने डब्लिनहून आलेला करार पुढ्यात ओढला. दुसऱ्या दिवशी सही केली. आपल्या जागी त्याने डेक्लनला बसवलं. डेक्लन प्लंबर, मनाने सोन्यासारखा, हाताने जरा ढिला.

जुलैत डब्लिनचा संघ लिमरिकला खेळायला आला, आणि शिरीष आपल्याच मैदानावर परक्या शर्टात उतरला. मुक्ताने त्याला दोनदा बाद केलं. दोन्ही वेळा त्याला अभिमान वाटला आणि दोन्ही वेळा मत्सरही. डेक्लनच्या हातून चार चेंडू सुटले. लिमरिक एका धावेने हरलं, पण नऊच्या नऊ जण शेवटपर्यंत मैदानावर होते.

सामना संपल्यावर मुक्ता धावत आली. “काका, फाइव्ह मिनिट्स? लाइक विंटर?”

हातमोजा अजून त्याच्या हातात होता. हो म्हणायला किती लागतं?

“डेक्लनला टाक,” तो म्हणाला. “त्याला शिकायचंय.”

“बट यू कॅच मी बेस्ट.”

“तुझा कॅचर आता तो आहे, बाळा. जा.”

तो गाडीत जाऊन बसला, पण चावी फिरवेना. मैदानावर मुक्ता फेकत होती. डेक्लन एक झेलत होता, एक सोडत होता, आणि सुटलेल्या प्रत्येक चेंडूला शिरीषचा झेलायचा डावा हात मांडीवर आपसूक उघडत होता.